वय विचारणारं कुणी आहे का?

साधारण १८७५ सालची गोष्ट. दापोलीजवळच्या मुरुडच्या शाळेतली काही मुलं सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी साताऱ्याला निघाली. ही परीक्षा पास झाली की मास्तरकी किंवा कारकुनी मिळायची, आणि कोकणातल्या गरीब घराला तेवढा आधारही पुष्कळ असायचा. वाट शंभराहून जास्त मैलांची, मध्ये सह्याद्री. मुलं पायी घाट चढून साताऱ्याला पोचली. तिथे परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्यांतल्या एका लहानखुऱ्या मुलाला थांबवलं. परीक्षेला बसायला सतरा वर्षं पूर्ण हवीत असा नियम होता. मुलाची सतरा पूर्ण झाली होती, जवळ शाळेचा दाखलाही होता. पण चेहरा कोवळा होता. प्रमुखांना वय पटलं नाही आणि मुलाला परीक्षेला बसता आलं नाही.

तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. हा प्रसंग त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. एवढी पायपीट करून हाती काही न लागता परतणं त्या वयात किती जिव्हारी लागलं असेल, हे वेगळं सांगायला नको. तो अन्यायच होता. पण या प्रसंगाच्या शेजारी त्यांच्याच आयुष्यातला आणखी एक प्रसंग ठेवून पाहिला पाहिजे. साताऱ्याला जाण्यापूर्वीच कर्व्यांचं लग्न झालेलं होतं. त्या वेळी त्यांचं वय चौदा-पंधरा आणि राधाबाईंचं आठ-नऊ. त्या बोहल्यापाशी वय विचारायला कुणी उभं नव्हतं. जो मुलगा परीक्षेच्या दारात लहान ठरला, तो संसाराच्या दारात त्याआधीच मोठा ठरला होता.

बालपणाचा इतिहास बऱ्याच अंशी अशा दारांचा इतिहास आहे. कुठल्या दारात मुलाला वय विचारायचं आणि कुठल्या दारातून काही न विचारता आत ओढायचं, हे प्रत्येक काळ ठरवत असतो. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत आपण लग्नाच्या दारात वय विचारायला शिकलो, कारखान्याच्या दारात शिकलो, मतदानाच्या आणि गाडी चालवण्याच्या दारातही शिकलो. एक दार मात्र या काळात सताड उघडं झालं. ते बाजाराचं. मुरुडसारख्या समुद्रकाठच्या गावातल्या मुलापासून ते दार आज हाताच्या अंतरावर आहे, आणि तिथे त्याला वय विचारणारं कुणी नाही.

हंगामातला किनारा

दापोलीहून आसूदचा उतार उतरून आलं की मुरुड लागतं. जांभ्या दगडाचे गडगे, पोफळी-नारळीच्या वाड्या, दुर्गादेवीचं देऊळ आणि वाड्यांच्या मागे लांबच लांब पुळण. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत इथे पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ असते. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या, पाण्यावरचे खेळ, वाळूत पळणाऱ्या गाड्या, घरगुती राहण्या-जेवण्याची सोय. या व्यवसायाने गावाला पैसा दिला, तरुणांना गावात राहण्याचं कारण दिलं. त्याला नावं ठेवण्यासाठी हा लेख नाही.

३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या वाड्या त्यात आडव्या झाल्या. पोफळी मोडल्या, माड उन्मळले, वर्षानुवर्षांची कलमं गेली. कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पोफळ लावली की उत्पन्नासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, तोवर घर चालवायला पाहुण्यांवरच भिस्त. महासाथीमुळे शाळा बंद होत्या त्या त्याच वर्षी. अभ्यास फोनवर आला, आणि ज्या घरांनी कधी मुलाच्या हातात फोन दिला नव्हता त्यांनीही उसनवारी करून तो आणला. पुढे अभ्यास शाळेत परतला, फोन घरातच राहिला. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०२४ साली ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांचं चित्र मांडलं. त्यांतल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरल्याचं ५७ टक्के मुलांनी सांगितलं, समाजमाध्यमांसाठी वापरल्याचं ७६ टक्क्यांनी.

म्हणजे मुरुडच्या मुलाभोवती आज दोन किनारे आहेत. एक पुळणीवरचा, जिथे सुटीच्या दिवशी शहरातली मुलं नवे कपडे, नवे चष्मे, नवे फोन घेऊन येतात. दुसरा हातातल्या पडद्यावरचा, जो कधीच ओसरत नाही. पहिल्या किनाऱ्यावर हंगामात उभं राहिलं की एक दृश्य हमखास दिसतं. पाच-सहा वर्षांची मुलगी, ओठांना रंग, सिनेमातल्या गाण्यावर कंबर हलवते आहे. वडील फोन धरून उभे आहेत, आई सूचना देते आहे, आणि नीट जमलं नाही म्हणून तेच पुन्हा करायला सांगितलं जातं आहे. मुलीला पाण्यात जायचं आहे, तिचं लक्ष लाटांकडे आहे. थोड्या अंतरावर गावातली तिच्याच वयाची मुलं हे बघत उभी असतात. ती काय शिकतात? समुद्रावर आलेलं मूल खेळायला आलेलं नसतं, दिसायला आलेलं असतं, हे ती शिकतात.

पाच रुपयांचं गिऱ्हाईक

लहान मुलाला काहीतरी विकणं नवं नाही. जत्रेतला फुगेवाला, शाळेबाहेरची बोरं-चिंचा विकणारी आजी, बर्फाचा गोळा हे सगळं मुलांच्याच चार आण्यांवर चालायचं. पण बोरं विकणाऱ्या आजीला मुलाला बोरंच विकायची होती. आपण कसं दिसतो, आपल्याकडे काय नाही, आपण इतरांपेक्षा कुठे कमी पडतो, ही टोचणी तिला विकायची नव्हती.

आजचा व्यापार वेगळ्या रीतीने चालतो. कुठल्याही गावातल्या दुकानदाराला विचारा, दारावर लटकणाऱ्या माळा कुणासाठी आहेत. पाच आणि दहा रुपयांची वेफरची पाकिटं, चॉकलेटं, शॅम्पूच्या पुड्या. मुलाच्या मुठीत मावेल एवढ्या किमतीत माल बसवायचा, पाकिटावर कार्टूनमधलं ओळखीचं तोंड छापायचं, आत एखादं खेळणं किंवा चकती टाकायची. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, १९९५ साली भारतात मुलांसाठी कार्टून वाहिनी सुरू झाली, आणि जाहिरातदाराला पहिल्यांदा आईवडिलांना ओलांडून थेट मुलाशी बोलता आलं. नंतर दप्तर, डबा, पाण्याची बाटली, बूट, सगळ्यांवर तीच तोंडं आली. मूल आता स्वतःच्या पाच रुपयांचं गिऱ्हाईक राहिलं नाही. घरात कुठली गाडी यावी, कुठला फोन यावा, सुटीत कुठे जावं, यासाठी हट्ट धरणारा घरातलाच विक्रेता झालं.

यात मुलाची चूक नाही, कारण समोरचा आपल्याला विकतो आहे हे त्याला कळतच नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ साली उपलब्ध संशोधन तपासून सांगितलं की साधारण आठ वर्षांच्या आतल्या मुलांना जाहिरातीमागचा पटवण्याचा हेतू ओळखता येत नाही. ती जाहिरातीला माहिती समजतात. दूरचित्रवाणीवर निदान कार्यक्रम आणि जाहिरात यांच्यामध्ये एक सीमा होती. फोनवर ती सीमाही पुसली. खेळणी उघडून दाखवणारा समवयस्क मुलगा, चेहऱ्याला काय लावते ते सांगणारी शाळकरी मुलगी, खेळ थांबवून ‘आणखी नाणी विकत घे’ म्हणणारं ॲप, ही सगळी जाहिरातच असते. पण मुलाला त्यात मित्र दिसतो.

आणि या मित्राला एकच गोष्ट हवी असते. मुलाने आपल्या वयावर समाधानी राहू नये. आठ वर्षांच्या मुलीला तेरा वर्षांची दिसावंसं वाटलं पाहिजे, तेराच्या मुलाला अठराचं. कारण मोठ्यांच्या गरजा जास्त, म्हणून मोठ्यांची खरेदी जास्त. मुलाला मोठं होण्याची ओढ निसर्गतःच असते. बाजाराने ती ओढ ओळखली आणि तिच्यावर किमतीची चिठ्ठी लावली.

नवव्या वर्षी नोकरी

लवकर मोठं होण्याचा हा दबाव फक्त कपड्यांत आणि रंगरंगोटीत असतो असं नाही. मध्यमवर्गीय घरात तो बहुधा अभ्यासाचा वेष घेऊन येतो.

२०२० साली, शाळा बंद असताना, ‘व्हाइटहॅट ज्युनिअर’ ही मुंबईची कंपनी लहान मुलांना संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा शिकवण्याचे वर्ग विकत होती. त्या ऑगस्टमध्ये ‘बायजूज’ने ती ३० कोटी डॉलरना विकत घेतली. तिच्या जाहिरातींत वुल्फ गुप्ता नावाचा एक मुलगा यायचा. एका जाहिरातीत त्याचं वय तेरा, दुसरीत नऊ. त्याला म्हणे एका जगप्रसिद्ध कंपनीत कोट्यवधी रुपये पगाराची नोकरी लागली होती. पगाराचा आकडाही जाहिरातीगणिक बदलायचा. असा मुलगा अस्तित्वातच नव्हता. भारतीय जाहिरात मानक परिषदेने ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीला पाच जाहिराती मागे घ्यायला सांगितलं आणि कंपनीने त्या मागे घेतल्या.

जाहिराती गेल्या, पण त्यांनी घराघरांत पेरलेली भीती गेली नाही. माझं मूल नऊ वर्षांचं झालं आणि अजून नुसतंच खेळतं आहे, ही भीती. त्या जाहिराती मुलांसाठी होत्या असं दिसत होतं, पण त्यांचा नेम आईवडिलांवर होता. शेजारच्याचं मूल पुढे चाललंय, तुमचं मागे पडतंय. हाच धागा धरून सहावीपासूनच वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाचे ‘पाया’ वर्ग विकले गेले, आणि आज दापोलीसारख्या तालुक्याच्या गावीही पालकांना वाटतं की मुलाला बाहेर धाडलं नाही तर आपण कर्तव्यात चुकलो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, माध्यमिक परीक्षेनंतरच द्यावा, दिशाभूल करणारी आश्वासनं देऊ नयेत, असं त्यात म्हटलं. एवढी साधी गोष्ट सरकारला लिहून काढावी लागली, यावरूनच दुकान किती खालच्या वयापर्यंत पोचलं होतं ते दिसतं.

शिकण्याला माझा विरोध असण्याचं कारण नाही. कर्व्यांनी मॅट्रिक केलं ते १८८१ साली, तेविसाव्या वर्षी. पदवी त्यानंतर तीन वर्षांनी. पुढे तेच फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला उभे राहिले, त्यांनीच हिंगण्याला संस्था उभारली आणि १९१६ साली महिलांचं विद्यापीठ काढलं. आजच्या हिशेबात हा मुलगा फार मागे पडलेला ठरला असता. मुरुड ज्या माणसाचा सर्वाधिक अभिमान बाळगतं तो संथ गतीने वाढला, हे मुरुडच्या पालकांनी तरी लक्षात ठेवावं.

टाळ्यांचं वय

२००८-०९ मध्ये ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ने महाराष्ट्र वेडावला होता. आळंदीची कार्तिकी गायकवाड त्यात जिंकली. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे अंतिम पाच जणांत होता, आणि कोकणात घरोघरी त्याच्यासाठी फोनवरून मतं दिली गेली. ती मुलं गुणी होती, त्यांच्यामागे खरी तालीम होती, आणि पुढेही त्यांनी गाणं धरून ठेवलं. त्या कार्यक्रमाने अनेक खेड्यांतल्या मुलांना गाणं शिकण्याची हिंमत दिली, हे मान्य करायलाच हवं.

पण त्या यशाच्या मागोमाग बाजार आला. गाण्याचे, नाचाचे, विनोदाचे बालकार्यक्रम एकामागून एक निघाले. मुलांचं रडणं, हरणं, आईवडिलांचे पाणावलेले डोळे, या सगळ्यावर जाहिराती बसवता येतात हे वाहिन्यांच्या लक्षात आलं. नाचाच्या कार्यक्रमांत सिनेमातल्या प्रौढ शृंगाराच्या हालचाली सात-आठ वर्षांच्या मुली करू लागल्या आणि परीक्षक टाळ्या वाजवू लागले. जून २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना लेखी सल्ला द्यावा लागला की मुलांना वयाला न शोभणाऱ्या आणि सूचक रीतीने दाखवू नका.

बालकलाकारांसाठी नियम आहेत. २०१६च्या बालकामगार कायद्यातल्या दुरुस्तीनंतर आलेल्या २०१७च्या नियमांनुसार मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, चित्रीकरणासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. हे नियम स्टुडिओ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. घरच्या ओसरीवर, आईच्या फोनपुढे रोज चालणारं चित्रीकरण त्यांच्या नजरेत नीट येत नाही. फ्रान्सने ऑक्टोबर २०२० मध्ये सोळा वर्षांखालच्या अशा मुलांसाठी वेगळा कायदा केला. त्यात कमाई मुलासाठी राखून ठेवण्याची तरतूद आहे, आणि आपल्या चित्रफिती काढून टाकायला सांगण्याचा हक्क मुलालाच दिला आहे. मोठं झाल्यावर ‘ते माझं मला नको आहे’ असं म्हणण्याचा हक्क आपल्याकडेही मुलाला मिळायला हवा.

मुलींवर दुहेरी ओझं

या सगळ्याचा सर्वांत जड भाग मुलींच्या वाट्याला येतो. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्याच दुसऱ्या अभ्यासगटाने २००७ साली मुलींना देखणी वस्तू म्हणून पेश करणाऱ्या जाहिराती, खेळणी आणि कार्यक्रमांचा आढावा घेतला. खाण्यापिण्याचे विकार, स्वतःबद्दलची नावड, नैराश्य या तिन्हींशी त्याचा संबंध असल्याचं त्यांनी नोंदवलं. मुलगी आरशात स्वतःकडे दुसऱ्याच्या नजरेने बघायला लागते, आणि गणित करतानाही तिचं अर्धं मन आपण कसे दिसतो यात गुंतलेलं असतं.

इथे मात्र एका धोक्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. ‘मुली लवकर मोठ्या होतायत’ हे वाक्य आपल्याकडे फार लवकर दुसऱ्या दिशेला जातं. मग तिचे कपडे मोजले जातात, समुद्रावर जाणं बंद होतं, फोन फक्त तिच्याच हातून काढला जातो, आणि शेवटी ‘वाईट दिवस आलेत’ म्हणून तिच्या लग्नाची घाई सुरू होते. बाजाराने तिला वेळेआधी बाई केलं म्हणून घरानेही तिला वेळेआधी बाई करायचं, हा उपाय होऊ शकत नाही.

याही बाबतीत मुरुडचाच एक माणूस आठवतो. रघुनाथ धोंडो कर्वे. १४ जानेवारी १८८२ रोजी त्यांचा जन्म मुरुडला झाला. १९२७ सालापासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून त्यांनी शरीराबद्दल, लैंगिकतेबद्दल, संततिनियमनाबद्दल शास्त्रीय माहिती मराठीत दिली. त्यासाठी खटले सोसले; संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी तर त्याआधीच गेली होती. ज्ञान दडवून नीती टिकत नाही, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. मुलाला कोवळं ठेवणं आणि अज्ञानी ठेवणं यात मोठं अंतर आहे. शरीरात होणारे बदल आईने, मास्तरांनी, आरोग्यसेविकेने सरळ शब्दांत समजावले, तर जाहिरातीला त्या जागी शिरायला वाव उरत नाही. आपण गप्प बसतो म्हणून मुलं पडद्याला विचारतात, आणि पडदा उत्तराबरोबर मालही देतो.

कामाने येणारं मोठेपण

पूर्वीचं बालपण सोन्याचं होतं असं म्हणणं खोटं ठरेल. याच दापोली तालुक्यातल्या वणंदच्या रमाबाईंचं १९०६ साली भीमराव आंबेडकरांशी लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आसपास होत्या. कर्व्यांची दुसरी पत्नी, देवरुखच्या गोदूबाई, आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झाल्या होत्या. ज्या मुलींनी खेळायचं त्यांचे केस भादरले जात होते. कुणाला तो काळ परत हवा असेल असं मला वाटत नाही.

तरीही त्या काळातल्या कष्टाळू घरांत एक गोष्ट होती, जी हरवू नये असं वाटतं. मूल मोठं व्हायचं ते काही करता येऊ लागलं म्हणून. भरती-ओहोटी ओळखता येते, सुपारी सोलता येते, धाकट्याला सांभाळता येतं, गाईचं दूध काढता येतं. मोठेपण हे अंगात आलेलं कौशल्य असायचं आणि सोबत जबाबदारी असायची. आजही मुरुडमध्ये शाळेतून आल्यावर पाहुण्यांना सोलकढी वाढणारा, कुठल्या वेळी कुठे पाणी खोल असतं ते शहरातल्या काकांना ठामपणे सांगणारा मुलगा दिसतो. शाळा आणि खेळ बुडत नसतील तर त्या कामाने त्याचं काही बिघडत नाही, उलट त्याची मान ताठ होते.

बाजाराने देऊ केलेलं मोठेपण याच्या नेमकं उलट आहे. त्यात मोठ्यांची हौस मिळते, मोठ्यांची ताकद मिळत नाही. मुलाला मोठ्यांसारखं दिसता येतं, मागता येतं, खर्चता येतं, पण निभावता काहीच येत नाही. असं मूल लवकर प्रौढ होत नाही. ते फार काळ कच्चं राहतं आणि फार लवकर थकतं.

मुरुडपासून जवळ असलेल्या पालगडच्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’मध्ये एका खरेदीची गोष्ट सांगितली आहे. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात पायी घरी नेतो. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात मूल पैसे वापरतं, दुकानात जातं, निर्णयही घेतं. खरेदी म्हणजे काही पाप नव्हे. त्या मुलाला दुसऱ्याची गरज दिसली होती, एवढाच फरक. पैसा हातात घेतलेलं मूल कुणाकडे बघतं, आरशाकडे की भावाकडे, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

घरातला प्रश्न, गावाचा प्रश्न

हे सगळं मांडलं की एक उत्तर ठरलेलं येतं: आईवडिलांनी बघावं. मुलाला फोन कुणी दिला? पाकीट कुणी घेऊन दिलं? हे उत्तर अर्धं खरं आहे. पण हेच उत्तर आपण पूर्वीही ऐकलेलं आहे. बेहरामजी मलबारींनी १८८४ साली बालविवाहाचा प्रश्न ऐरणीवर आणला तेव्हा, आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला तेव्हा, हा घरातला आणि धर्मातला मामला आहे, सरकारने त्यात पडू नये, असं मोठमोठी माणसं म्हणत होती. टिळकांचा विरोधही मुख्यतः परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला होता. त्या कायद्याने संमतीचं वय दहावरून फक्त बारावर नेलं. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, १९७८च्या दुरुस्तीने अठरा. मुलींच्या बालपणाला मिळालेली ही वर्षं घराघरांनी आपापली दिली नाहीत. समाजाने भांडून, कायद्याने सीमा आखून ती मिळवली. एकटा बाप कितीही भला असला तरी जातीचा दबाव त्याला झेपत नव्हता. एकटी आई कितीही सावध असली तरी शेकडो कोटींच्या जाहिरातींचा दबाव तिलाही झेपणार नाही.

बाजाराच्या दारात वय विचारण्याचे प्रयत्न जगात झाले आहेत. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९८०पासून तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करायला बंदी घातली आणि १९८९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. स्वीडनने १९९१ साली बारा वर्षांखालच्या मुलांसाठी दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती थांबवल्या. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही.

आपल्याकडेही कागदावर बरंच काही आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या विनियमांनुसार शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकायला मनाई आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर वेफर, शीतपेयं अशा पदार्थांच्या जाहिराती दाखवता येत नाहीत, आणि मुलांच्या भाबडेपणाचा, अननुभवाचा फायदा घेणारी जाहिरात चालत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढणं आणि त्यावरून त्यांना नेम धरून जाहिराती दाखवणं निषिद्ध केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. कायदे वाईट नाहीत. पण कोकणातल्या गावात देऊळ, शाळा आणि दुकान एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर असतात. तिथे ५० मीटर मोजायला दिल्लीहून कुणी येणार नाही.

मुरुडला काय करता येईल

गावांनी ठरवलं तर होतं, याची उदाहरणं महाराष्ट्रात ताजी आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली ठरवलं की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. त्या वेळात मुलं अभ्यासाला बसू लागली आणि मोठ्यांनाही फोन बाजूला ठेवावा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. पहिला ठराव मुलांच्या वेळेबद्दल, दुसरा बायकांच्या सन्मानाबद्दल. दोन्ही ठिकाणी गावाने, घरातला समजला जाणारा प्रश्न चव्हाट्यावर आणून सोडवायला घेतला.

मुरुडला अशी परंपरा बाहेरून आणावी लागणार नाही. कर्व्यांनी तरुणपणी ‘मुरुड फंड’ काढला होता. गावच्या माणसांनी आपापल्या मिळकतीतून थोडं थोडं द्यायचं आणि त्यातून गावाची कामं करायची. आज तशाच फंडातून एक वाचनघर चालू शकतं, जिथे पावसाळ्यात मुलांना फोनवाचून चार तास काढता येतील. शाळेसमोरच्या दुकानदारांनी मिळून ठरवलं तर फाटकाजवळ लटकणाऱ्या माळांच्या जागी शेंगदाण्याची चिक्की, आंबापोळी, फणसपोळी लागू शकते, आणि तो पैसा गावातच राहील. राहण्याची सोय करणाऱ्या घरांनी पाहुण्यांना नम्रपणे सांगावं की गावातल्या मुलांचं चित्रीकरण त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय करू नका. गणपतीत आणि शिमग्यात मुलांचे कार्यक्रम बसवताना सिनेमातली गाणी सोडून त्यांच्या वयाचं काही निवडावं. शाळेत पाचवीपासून जाहिरात वाचायला शिकवावं: ही कुणी केली, कुणासाठी केली, यात काय सांगितलेलं नाही. आठवीत शरीराबद्दल सरळ बोलणारा तास असावा. यांतल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती चार घरांनी मिळून एक गोष्ट धरून ठेवण्याची तयारी. ‘सगळ्यांकडे आहे’ या मुलाच्या युक्तिवादाला ‘आपल्या गावात नाही’ एवढंच उत्तर पुरतं.

१८९३ साली कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्यानंतर ते मुरुडला आले तेव्हा गावाने सभा भरवून त्यांना वाळीत टाकलं. त्यांच्या घरच्यांनाही त्याची झळ बसली. आज त्याच गावात त्यांचं स्मारक आहे आणि गावातल्या मुली शाळेत जातात. एका सभेने केलेली चूक पुढच्या पिढ्यांनी दुरुस्त केली. सभेची ताकद मात्र अजून तीच आहे. गावाने एकत्र बसून जे ठरवलं ते पाळलं जातं, हे मुरुडला १८९३मध्येच कळलं होतं. ती ताकद आता मुलांच्या बाजूने वापरायची आहे. ग्रामसभेच्या पुढच्या विषयपत्रिकेवर पाणी, रस्ते आणि दिव्यांच्या खांबांबरोबर हा विषय घ्या: आपल्या गावातल्या मुलांना किती वर्षं मूल राहू द्यायचं. चर्चा होऊ द्या, मतभेद होऊ द्या, आणि ठराव करा.